गुहेत हात मागे करू नये

जे लिहितोय ते माझ्या घरात घडलेलं आहे. कोणाच्या मित्राच्या मित्राचं नाही. खोटं वाटलं तर वाटू द्या, मला कोणाला पटवायचं नाही. मला फक्त एक गोष्ट विचारायची आहे, ती शेवटी विचारतो.

आणि रात्र, अमावस्या, पिंपळ असलं काही यात नाही. दिवस होता. १६ नोव्हेंबर २०२३, भाऊबिजेचा दुसरा दिवस, सकाळचे अकरा. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

मी सुनिल. बल्लारपूरला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी खोलायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची. माझ्या धंद्यात बिघाडाला कारण असतंच, शोधलं की सापडतं. त्यामुळे भुताखेतांवर मी जन्मभर हसत आलो.

बायको पुनम. आणि आमची मुलगी दिव्यानी.

दिव्यानी आता नाही.

२०२१ च्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत ती अख्खी गल्ली फिरली. चौथ्या दिवशी तिला ताप भरला. नवव्या दिवशी ती गेली. सहा वर्षांची होती.

त्यानंतर दोन वर्षं पुनम हसली नाही. मी रडलो नाही. घरात एकाने तरी उभं राहायला पाहिजे म्हणून मी दुकानात जाऊन बसायचो आणि रात्री उशिरा घरी यायचो. आता कळतं, तेव्हा माझी जागा दुकानात नव्हती.

पुनमचा धाकटा भाऊ गोपाल एटापल्लीकडे एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. त्या वर्षी त्याने फोन करून करून आम्हाला भाऊबिजेला बोलावलं. आष्टीपासून पुढे सगळा रस्ता सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांनी लाल झालेला. गाडीच्या काचा बंद करूनही तोंडात धूळ. पुनम सहा तासांत दोनदा बोलली असेल.

दुसऱ्या दिवशी गोपाल म्हणाला, "ताई, डोंगरात एक गुहा हाय. चाल, जाऊन येऊ. तेवढंच मन लागन."

त्या गावाचं नाव मी देत नाही. कारण वाचून कोणीतरी जाईलच.

गुहेची राखण सोमारीबाई करायची. साठीची गोंड बाई, बारीक, ताठ. तिच्या घरातलीच माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे पूजा करतात. ती सोबत असल्याशिवाय आत कोणी जात नाही. गुहेच्या तोंडाशी तिने आम्हाला चपला काढायला लावल्या आणि नियम सांगितला.

एकामागे एक चालायचं. प्रत्येकाने हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवायचा. आणि जो सगळ्यात शेवटी असेल त्याने पाण्याने भरलेला पितळेचा गडवा दोन्ही हातांनी छातीशी धरायचा. तसंच आत जायचं, आतल्या देवाच्या दगडाला फेरी मारून तसंच बाहेर यायचं.

"दोन्ही हातानं काऊन?" मी विचारलं.

"मांगं हात रिकामा ठेवाचा नाई, भाऊ. धरते."

"कोन धरते?"

"म्या कसी सांगू? माह्या हात अजून कोनी नाई धरला."

मी हसलो. "बिलाची पावती देते का नाई, धरल्यावर?" असं काहीतरी बोललो. कोणी हसलं नाही.

शेवटी गोपाल राहणार होता. तो गडवा घ्यायला वाकला तेवढ्यात पुनम पुढे झाली. "माह्याजवळ दे."

दोन वर्षांत पहिल्यांदा तिने आपणहून काही मागितलं होतं. नाही कोण म्हणणार?

आम्ही आत गेलो. पुढे बॅटरी घेऊन सोमारीबाई, मग गोपाल, मग मी, शेवटी पुनम.

साठ-सत्तर पावलांची गुहा असेल. अंग चोरून चालावं लागतं. वटवाघळांचा वास, पायाखाली गार चिखल, आणि कुठूनतरी पाणी ठिबकत होतं. टप... टप... शेवटी थोडी मोकळी जागा आणि हळद लावलेला एक दगड. फेरी मारून आम्ही परत फिरलो.

अर्ध्यात आलो असू...

ठिबकणारं पाणी थांबलं.

मग मागे पाणी सांडल्याचा आवाज आला. भसकन.

मग चिखलात पावलं... पुनमची नव्हेत. लहान, भरभर पडणारी.

आणि पुनम हसली.

हळूच. कोणी कानात काही सांगितल्यावर हसतात तशी.

"पुनम?"

"काई नाई. चला तुमी."

उन्हात आल्यावर मी वळून पाहिलं. गडवा तिच्याजवळ नव्हता. तिचा उजवा हात जरा मागे, खाली होता, आणि बोटं वळलेली होती. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, हात अवघडला असेल. पण मी सहा वर्षं तो हात तसाच पाहिला होता. बाजारात, शाळेच्या फाटकाशी, स्टेशनवर. तेवढ्याच उंचीवर.

सोमारीबाईचं तोंड उतरलं. तिने मला बाजूला नेलं.

"येत्या आवसेच्या आत बाईले वापस आन. हात सोडवा लागन."

मी म्हणालो, "बरं." आणि गाडीत बसलो. मला काहीच पटलं नव्हतं.

घरी परतल्यावर पुनम जेवायला लागली.

डाव्या हाताने जेवायची, पण पोटभर जेवायची. भांडी घासताना गुणगुणायची, तीही एका हाताने. बल्लारपूर स्टेशनच्या पुलावर प्रत्येक पायरीला थांबायची... कोणाचे तरी लहान पाय वर येईपर्यंत. झोपताना उजवा हात पलंगाखाली सोडायची.

मी विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं. "दिव्यानी हाय. तिनं माहं एकच बोट धरलं. ती धरे ना, तसंच."

दिव्यानी कधी पूर्ण हात धरायची नाही. फक्त पहिलं बोट धरायची, तेही मुठीत घट्ट. हे आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत असणार?

खरं सांगतो, मला बरं वाटलं. बायकोला वेड लागलं असेल तर लागू दे, निदान ती घासभर जेवते आहे, असा विचार मी केला. डॉक्टरकडे नेलं. नस दबली म्हणाले, गोळ्या दिल्या. मी त्या गोळ्या आणल्या आणि दुकानात गेलो.

मग एक दिवस मी तो हात धरला. बोटं बर्फासारखी गार होती. कातडी सुरकुतलेली, दिवसभर पाण्यात राहिल्यासारखी.

आणि अजून एक गोष्ट लक्षात आली...

हात वर येत होता.

पहिल्या आठवड्यात तो मांडीशी असायचा. दुसऱ्या आठवड्यात कमरेशी आला. डिसेंबर लागला तेव्हा कोपर वाकवून तिने तो छातीच्या उंचीवर धरलेला असायचा.

"पोरगी वाढते ना वो," पुनम म्हणाली. तिच्या डोळ्यांत इतका आनंद होता की मला तिच्याकडे बघवेना.

पण ती स्वतः आटत चालली होती. जेवायची तरी गालाची हाडं वर आली होती. एका दुपारी दुकानातून डबा खायला घरी आलो तर ती पिशवी भरून उंबऱ्याशी उभी. हात आता खांद्याच्याही वर होता. कोणीतरी उंच माणूस तिला ओढत असावा तसा.

"कुठी चालली?"

"ते म्हनते घरी चाल."

"आपलं घर इथीच हाय, पुनम."

ती माझ्याकडे बघून नुसती हसली. ते हसू बघून माझी सगळी अक्कल संपली. मी दाराला आतून कडी लावली आणि गोपालला फोन केला.

१० डिसेंबर, रविवार. आवस दोन दिवसांवर होती. पुन्हा तोच डोंगर.

पुनम हात सोडायला तयारच नव्हती. गोपालने समजावलं, मी हात जोडले. शेवटी सोमारीबाई तिच्यापुढे मातीत बसली आणि म्हणाली, "बाई, लेकरू तुह्या हातात रायलं तं तुह्या पोटात वापस कसं येन? सोड त्याले. सोडलं तं येन."

पुनम खूप वेळ रडली. मग उठली.

पुढे सोमारीबाई, मग पुनम, मग गोपाल, शेवटी मी. या वेळी गडवा पुनमसाठी राखला होता. मला सोमारीबाईने दोन्ही हात काखेत घालायला सांगितले. "काई झालं तरी काढू नोको, भाऊ."

दगडापाशी सोमारीबाईने पुनमसमोर गडवा धरला. घ्यायचा तर दोन्ही हात लागणार. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तिने बोटं उघडली.

"जाय माय... जाय. लौकर ये."

तिने गडवा धरला. तिचे दोन्ही हात छातीशी आले. मी देवाचं नाव घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा मनापासून.

आम्ही परत निघालो. पुनम पुढे हुंदके देत होती. मी सगळ्यात मागे.

आणि पाणी ठिबकायचं थांबलं.

मागे चिखलात पावलं... लहान... भरभर.

आता मला शहाणपण शिकवू नका. मी बाप आहे. तिला अग्नी दिला तेव्हाही मी रडलो नव्हतो. ती तिथे एकटी राहणार होती, अंधारात, आणि तिच्या आईने तिला आत्ताच सोडलं होतं. मला एकदाच, फक्त एकदाच तिचा हात धरायचा होता.

मी उजवा हात काखेतून काढला आणि मागे केला. खाली. सहा वर्षांच्या पोरीला पुरेल एवढा खाली.

काही नाही...

पावलं माझ्या अगदी मागे येऊन थांबली.

"दिव्यानी," मी पुटपुटलो.

आणि माझ्या हाताला स्पर्श झाला... वरून.

तो हात वरून खाली आला. माझ्या खांद्याला घासत, कोपरावरून, मनगटावर. रुंद. ओला. बोटं इतकी लांब की माझ्या मनगटाला वेढून परत उरली. ती माझ्या पंज्यावर चाचपडत राहिली, काहीतरी शोधल्यासारखी. मग त्याला सापडलं.

माझं पहिलं बोट.

त्याने ते मुठीत घेतलं. घट्ट. ती धरायची तसंच.

मी ओरडलो की नाही, आठवत नाही. गोपाल म्हणतो मी त्याच्या पाठीवर आदळलो आणि त्याने शर्ट धरून मला बाहेर ओढलं. पुढून सोमारीबाई गोंडीत काहीतरी जोरजोरात बोलत होती. तोंडाशी ऊन अंगावर पडलं तेव्हा बोट सुटलं.

पुनमने विचारलं, "काय झालं वो?"

मी म्हणालो, "पाय घसरला."

तिने गडव्यातलं पाणी मोहाच्या झाडाच्या बुडाशी ओतलं आणि गुहेकडे बघून हात जोडले. तिचा चेहरा शांत झाला होता.

तेव्हापासून मी गप्प आहे. ते दिव्यानी नव्हतं. चोवीस दिवस माझी बायको ज्याचा हात धरून जेवली, ज्याच्यासाठी पुलावर थांबली, ज्याला पलंगाखाली हात देऊन झोपली, ते काय होतं मला माहीत नाही. दिव्यानीची सवय त्याला कोणी सांगितली, तेही माहीत नाही. पहिल्या बोटाला अजून तार नीट धरता येत नाही. दुकानात बारीक काम आता पोऱ्या करतो.

पुनम बरी झाली. अंग भरलं. शेजारणीशी बोलते, सणाला गोडधोड करते. आणि वाट बघते. दर महिन्याला वाट बघते, आणि दर महिन्याला दोन दिवस कोणाशी बोलत नाही.

दोन वर्षं होत आली. पोटी काही राहिलं नाही.

गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "ते येत नाई तं मीच जाऊन आनतो. सोमारीबाईचं ऐकाचंच नव्हतं."

मी म्हणालो, जायचं नाही. पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "तुमी बाप असून तिचं नाव काढत नाई. तुमी नोका येऊ. लेकरू मले वळखते."

यंदाच्या भाऊबिजेला ती गोपालकडे जाणार आहे. तिकीट काढून झालं. सोमारीबाई गेल्या उन्हाळ्यात वारली, तिच्यामागे पूजेला घरातलं कोणी उरलं नाही, आता गुहेपाशी अडवायला कोणी नाही. ते दिव्यानी नव्हतं हे सांगितलं तर ती मरेल, नाही सांगितलं तर ती जाईल. यातलं काय करू, एवढंच मला तुम्हाला विचारायचं होतं.

काल तिने बाजारातून लाल स्वेटर आणला. गुहेत गार असतं म्हणाली. दहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. मांडीवर घेऊन बाहीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती.

तो हात त्या बाहीत मावणार नाही, हे मी तिला कसं सांगू?