शनिवारी थांबलेली गाडी

"काका नाहीत का?"

मी एका गाडीखाली पडलेली होते, आणि मला फक्त बूट दिसत होते. काळे, चकचकीत, बँकेतल्या माणसाचे. काका म्हणजे माझे बाबा; गाड्या मी दुरुस्त करते आणि सगळे विचारतात त्यांना. या प्रश्नाचा मला इतका संताप आहे, की मी मुद्दाम मिनिटभर बाहेरच आले नाही.

"काका मासळी आणायला गेलेत," मी खालूनच म्हटलं. "कोमल आहे. चालेल?"

"चालेल की... म्हणजे, काकाच हवेत असं काही नाही."

बाहेर सरकले. कपाळावर ग्रीस होतं हे मला नंतर कळलं. तो मात्र आधी तिथेच बघत होता, मग डोळ्यांत, मग घाईघाईनं स्वतःच्या गाडीकडे. छोटी, जुनी, लाल गाडी. मागे मनगटाएवढा जाड सायलेन्सर, आणि त्यातून काळा धूर.

"मनासे राजपूरकर," तो म्हणाला. "पेट्रोल पाण्यासारखं पितेय. इंजिनचा दिवा विझत नाही. तीन गॅरेजवाले म्हणाले, हा मोठा सायलेन्सर काढून टाका."

"तुम्हाला आवडतो?"

"फार. दिवसभर बँकेत हळू आवाजात बोलतो हो मी. गाडीला तरी मोठ्यानं बोलू दे."

मला हसू आलं. "मग कशाला काढायचा? बिघडलंय काय ते आधी बघू."

माझी ही शेड कोन गावात, रस्त्याला लागून आहे. माझी कसली, बाबांचीच. होडी विकून त्यांनी ती बांधली आणि वर्षभरासाठी मला दिली. अट एकच होती: एक जरी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, तर शेड टायरवाल्याला भाड्यानं जाणार. वर्ष संपायला आठ दिवस उरले होते.

प्लग काढला. काजळी धरलेला, पेट्रोलचा वास मारणारा. म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त जातंय. स्कॅनर लावला, तर धूर तपासून पेट्रोल किती हवं ते सांगणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरची रेघ तळाला चिकटून बसलेली. म्हणजे सेन्सर म्हणतोय, पेट्रोल कमी आहे, अजून द्या.

"दोघांपैकी एक खोटं बोलतोय," मी म्हटलं.

"तुमचा कोणावर विश्वास?"

"प्लगवर. त्याचं तोंडच काळं झालंय." मी साबणाचा फेस पाइपच्या जोडांवर लावला. पंक्चर शोधताना लावतात तसा. कुठेही बुडबुडा आला नाही, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नव्हती. वायरीही धड होत्या. "खोटारडा सेन्सरच."

"तुम्ही माणसांनाही असंच तपासता?"

"वेळ मिळाला तर..."

"माझ्याकडे साडेपाचपर्यंत आहे," तो म्हणाला. "आज शुक्रवार. सूर्य मावळला की आमचा, ज्यूंचा, शब्बाथ लागतो, विश्रांतीचा दिवस. मग उद्या चांदण्या दिसेपर्यंत मी गाडी चालवत नाही. आई वात लावून वाट बघत असते."

इंजिन गरम असतानाच पाना लावला आणि सेन्सर हळूच फिरवून काढला. टोकावर पांढरी भुकटी बसली होती. माझा हात तिथेच थांबला. ही भुकटी फट बुजवायच्या सिलिकॉनची. सेन्सरच्या अलीकडच्या जोडावरचा फेस पुसला, तर खाली करड्या सिलिकॉनचा थर होता, ओल्या अंगठ्यानं खवल्या-खवल्यांसारखा दाबलेला. होडीची फट बुजवताना असा अंगठा फक्त एकच माणूस फिरवतो.

"हे कोणी लावलं?"

"काकांनी. दोन महिन्यांपूर्वी इथेच. तुम्ही नव्हता. आवाज लगेच थांबला होता."

आणि तेवढ्यात बाबा मासळीची पिशवी घेऊन दारात उभे.

"त्या जाड पायपाचाच दोष हाय," त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. "काढून टाका म्हनावं."

हो म्हटलं असतं, तर सगळं निभावलं असतं. शेड वाचली असती, बाबांची लाज वाचली असती. मनासेला काय कळणार होतं? पण मला कळलं होतं ना!

"पाइपचा दोष नाय, बाबा," मी म्हणाले. "तुमच्या सिलिकॉनचा हाय. त्याची वाफ सेन्सरला लागली नि तो मेला. मनासे, चूक आमच्या शेडची आहे. नवा सेन्सर आमच्याकडून."

बाबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "गिऱ्हाईकासमोर माजीच चूक काढतेस, बाय? आयुष्यभर होडीला हाच लावलाय! झाली ना तक्रार? उद्याच टायरवाल्याला बोलावतो."

"बोलवा. शेड तुमची हाय, हात माजे हायेत. रस्त्यावर बसून करीन."

पार्ट्सच्या दुकानाला फोन केला. सेन्सर सकाळी येणार होता. ऊन कलायला लागलं होतं. मनासेनं किल्ली बाबांना नाही, माझ्या हातात ठेवली.

"गाडी इथेच राहू दे. उद्या चांदण्या दिसल्या की येतो. आणि काका, तिला हात फक्त कोमल लावणार."

रिक्षात बसताना त्यानं एकदाच मागे वळून पाहिलं... मला तो आवडला. सरळच सांगते.

शनिवारी टायरवाला आलाच नाही. दुसऱ्याची होडी आपल्या किनाऱ्याला बांधलेली असली, की बाबा जागेवरून हलत नसत. तसेच ते लाल गाडीजवळ स्टूल टाकून बसले होते, माझ्याशी अबोला धरून. मी नव्या सेन्सरच्या आट्यांना, ते अडकू नयेत म्हणून, लेप लावला, टोकाला बोटही लागू दिलं नाही. पाना घ्यायला हात मागे केला, तर कोणीतरी तो हातात दिला.

वळून पाहिलं. बाबा वाकून, मासळीच्या सुरीनं, स्वतःच लावलेला सिलिकॉन खरवडून काढत होते. मी त्या जागी जोडासाठीच बनवलेलं नवं गॅस्केट बसवलं.

संध्याकाळी मनासे आला, आकाशाकडे बोट दाखवत. "तीन चांदण्या. मोजून आलोय, शब्बाथ संपला."

गाडी सुरू झाली. इंजिन तापलं तशी स्क्रीनवरची रेघ वर-खाली नाचायला लागली. दिवा विझला. धूर नाही, आणि सायलेन्सर असा गरजला की समोरच्या टपरीवरचं कुत्रं उठून गेलं.

तेवढ्यात एक मोठी गाडी थांबली. काच खाली झाली. "काका आहेत का?"

"हाय ना," बाबा स्टुलावरून म्हणाले. "पन गाडीचा काय ता हिला इचार."

मला बाबांकडे बघवेना. मनासेकडे बघितलं, तर तो किल्ली बोटात फिरवत उभा.

"आता पुढच्या आठवड्यात काय बिघडवू?" त्यानं हळू विचारलं. अगदी बँकेतल्या आवाजात. "मला यायचंय, कोमल. गाडी नुसतं निमित्त आहे—"

बाबा ऐकत होते. ऐकू देत!

"काही बिघडवू नकोस," मी मोठ्यानं म्हटलं. "असाच ये."