लग्नाच्या फुलांमध्ये काळा कोट

"ऊना, कोपर काढ माझ्या बरगडीतून!"

"मग तू तंबूच्या गुंडाळीवर जाऊन बस ना, फिंटन!"

"दोघंही गप्प बसा, नाहीतर खाली उतरवून चालत पाठवायला सांगेन बाबांना," ग्रोन्यानं दम भरला. तेरा वर्षांची ती, म्हणजे तिघांत मोठी.

गाडी काकांच्या बेकरीची, पाव पोचवायची. मागे ना बाक, ना खिडकी. उशा टाकून तिघं बसलेली, आईबाबा पुढे. बाबांची गिरणी मार्चमध्ये बंद पडली, तेव्हाच यंदा समुद्रकाठचं भाड्याचं घर नाही, हे न बोलता ठरलं होतं. मग उसनी गाडी, जुना तंबू आणि रोज दुपारी अंड्याची सँडविचं!

"चर्च दिसलं की थांबू," बाबा म्हणाले. "गाडी लावायला पैसे पडत नाहीत आणि नळही असतो."

शनिवारी साडेअकराच्या सुमारास ते ड्रमकीरनच्या चर्चपाशी थांबले. बाटल्या भरायला गेलेली ग्रोन्या आत डोकावली आणि धावतच परत आली.

"चला, चला! आत काहीतरी विचित्र आहे!"

प्रत्येक बाकाला पांढऱ्या फिती आणि गुलाब बांधलेले होते. पुढच्या बाकावर एक म्हातारा माणूस बसला होता. अगदी एकटा. काळा कोट, काळा टाय, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली फुलं.

"नवरदेव असेल," फिंटन कुजबुजला.

"या वयात?"

"म्हणून तर रडतोय!"

आठ वर्षांची ऊना हसली नाही. "ते खरंच रडतायत," ती म्हणाली आणि सरळ त्यांच्याशेजारी जाऊन बसली. "आजोबा, सँडविच हवंय का? अंड्याची आहेत. आमच्याकडे फार उरलीत."

म्हाताऱ्यानं डोळे पुसले. त्यांचं नाव कोल्मन फीनी. बोट, आगगाडी, बस असं करत ते इंग्लंडहून आले होते, भावाच्या दफनासाठी. खिशातून त्यांनी पेपरातलं कात्रण काढलं. 'जार्लथ फीनी. शनिवार, अकरा वाजता, ड्रमकीरन.'

"वारही बरोबर, जागाही बरोबर," ते म्हणाले. "पण तो फुलवाला म्हणतो, इथे आज फक्त लग्न आहे, एक वाजता."

"मग घरच्यांना विचारायचं ना!" फिंटन म्हणाला.

"एका कुरणावरून भांडलो बाळा, आणि एकेचाळीस वर्षं बोललो नाही. मी येतोय हे कोणाला ठाऊकच नाही. मला सांगणार कोण?"

फिंटन स्मशानभूमीत एक चक्कर मारून आला. "एकही ताजा खड्डा नाही. गवतसुद्धा कुठे तुडवलेलं नाही. म्हणजे दफन इथे नाहीच!"

ग्रोन्या दाराशी सूचनाफलक शोधत होती. फलकाच्या जागी फुलांचं मोठं तोरण लटकत होतं. त्याच्याखालून कागदाचा एक कोपरा डोकावत होता. तिनं तोरण उचललं.

'लग्नामुळे जार्लथ फीनी यांची अंत्यप्रार्थना किलबॅरीच्या चर्चमध्ये, अकरा वाजता. दफन तळ्याकाठच्या स्मशानभूमीत.'

"सूचनेवरच तोरण!" फिंटन ओरडला.

बाबांनी नकाशा पसरला. "किलबॅरी अकरा मैल. पावणेबारा झालेत. आपण पोहोचेपर्यंत ते निघालेले असतील. आणि तळं तर त्याहून लांब."

"संपलं मग," कोल्मन आजोबा म्हणाले.

"नाही संपलं!" ग्रोन्या म्हणाली. "शववाहिका भावाच्या घरापाशी थांबेल ना! तळ्याकडे जाताना मिनिटभर तरी थांबेलच. आपल्या आजोबांची नाही का थांबली?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आजोबा गेले त्याला अजून वर्षही झालं नव्हतं.

"घर चार मैलांवर आहे," कोल्मन आजोबा सावकाश बोलले. "पण त्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, अशी शपथ घेतली होती मी."

"दारात नका ठेवू," ऊना म्हणाली. "फाटकापाशी उभे राहा."

ते उठले.

पण आवाराच्या तोंडाशी फुलवाल्याची गाडी आडवी उभी! फुलवाला पायरीवर बसून सिगारेट ओढत होता.

"दहा मिनिटांत काढतो हो, काय घाई आहे?"

फिंटन धापा टाकत त्याच्याकडे पळाला. "काका! नवरीची आई मागच्या फाटकाशी आलीय! फुलं कुठायत म्हणून ओरडतेय!"

सिगारेट उडाली, गाडी भुर्रकन मागच्या बाजूला गेली, आणि पावाची गाडी रस्त्यावर!

आई मागे मुलांत बसली होती, कोल्मन आजोबा पुढे बाबांशेजारी. दोन मैलांवर रस्त्याला दोन फाटे फुटले. कोल्मन आजोबा काचेतून बघतच राहिले. "इथे मोकळं रान होतं. हे सगळं पाइनचं जंगल... मला ओळखू येत नाही."

ग्रोन्या पुढच्या दोन सीटांमधून डोकं काढून बघत होती. डावीकडच्या घराच्या खिडक्या उघड्या, दोरीवर कपडे. उजवीकडच्या घराचे पडदे मात्र ओढलेले, भर दुपारी, ऊन असताना.

"उजवीकडे, बाबा! शेजाऱ्यांनी दुखवट्याचे पडदे ओढलेत!"

पुढचं घरही तसंच. त्यापुढचंही. शेवटी एक पांढरं घर आलं आणि कोल्मन आजोबा म्हणाले, "थांबवा."

ते फाटकापाशी जाऊन उभे राहिले. थोड्याच वेळात वळणावरून शववाहिका आली, पुढे मानासाठी टोपी हातात घेऊन एक माणूस चालत होता, मागे मोटारींची रांग. घरासमोर ती थांबली. इंजिन बंद झालं.

कोल्मन आजोबांनी शववाहिकेच्या काचेवर तळहात टेकवला.

"जार्ली," ते म्हणाले, "मी आलोय रे."

पहिल्या मोटारीतून एक बाई उतरली. "कोल्मन काका? चेहरा अगदी बाबांसारखा! मी नुआला, जार्लथची धाकटी मुलगी." तिनं त्यांचा हात धरला. "तळ्यापाशी पुढचा खांदा तुमचा. भावाचा असतो तो."

त्यांनी खांदा दिला. पावलं अडखळत होती, पण त्यांनी तो कोणाला बदलू दिला नाही.

दफनानंतर त्या पांढऱ्या घरी सगळ्यांना गरम सूप होतं. पाद्रीबाबा मुलांपाशी आले. "कागद मी लावला आणि पुन्हा बघितलाही नाही. आम्हा मोठ्यांचा हलगर्जीपणा तुम्ही निस्तरलात. शाबास!"

"मी फुलवाल्याशी खोटं बोललो," फिंटननं सांगून टाकलं.

"त्याचं मी बघतो," पाद्रीबाबा म्हणाले.

"गुणी पोरं आहेत हो तुमची," नुआला आईला म्हणाली. आईनं ऊनाला जवळ ओढलं.

कोल्मन आजोबा पाऊल न ठेवण्याची शपथ घेतलेल्या त्याच घरात, भावाच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले होते. ग्रोन्यानं त्यांना चहा नेऊन दिला.

"आता बरं वाटतंय ना, आजोबा?"

"तुम्ही मला तासाभरात इथे आणलंत, पोरी." त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "बोट रोज सुटते. सकाळी एक, रात्री एक. एकेचाळीस वर्षं रोज सुटत होती."

ग्रोन्या जमिनीवर त्यांच्या पायांशी बसली आणि चहा निवेपर्यंत तिथेच बसून राहिली.