कालभुजंग तोफेची बत्ती

डोंगररांगेमागे तांबडे फुटत होते आणि सारंगगडाच्या पूर्व बुरुजावर उभा राहून कप्तान हॅलम खाली पसरलेल्या इंग्रजी छावणीचे पांढरे तंबू न्याहाळत होता. नऊ वर्षांपूर्वी कंपनीची चाकरी सोडून तो किल्लेदार रायाजीराव वाघचौऱ्यांच्या तोफखान्यावर रुजू झाला होता. इथला एकेक गोलंदाज त्याने हाताला धरून तयार केला होता. आता त्याच्याच देशबांधवांनी गडाला अकरा दिवसांपासून वेढा घातला होता. खाली उतरावे तर फितूर म्हणून फाशी. वर राहावे तर आपल्याच माणसांवर तोफ डागावी लागणार.

"कप्तानसाहेब," रायाजीराव म्हणाले, "कालभुजंग छावणीवर डागावी, असा आमचा हुकूम आहे."

"सरकार, आपले मीठ खाल्ले आहे, गडाचा दरवाजा मी उघडणार नाही. पण त्या तंबूंवर नेम धरणे माझ्याच्याने होणार नाही. मर्जीस येईल ती शिक्षा फर्मावावी."

रायाजीराव पहारेकऱ्यांकडे वळले. "साहेबांची तलवार घ्या. इथेच पहाऱ्यात बसवा."

जमादार इमामबक्षाने तोफ हाती घेतली. पहिला गोळा छावणीअलीकडेच पडला. पण बत्ती देताच नळीच्या बुडाशी धुराची बारीक रेघ फुटलेली हॅलमने पाहिली. तोफेला चीर गेली होती!

"दुप्पट दारू ठासा!" इमामबक्ष गरजला.

हॅलम गप्प बसला तर छावणी वाचेल, पण तोफेभोवतीच्या नऊ गोलंदाजांच्या चिंधड्या उडतील.

"थांबा, जमादार! तोफ फुटेल!"

"साहेब, आता आपल्या शब्दावर विश्वास कसा ठेवावा?" असे म्हणत इमामबक्षाने पेटती बत्ती पुढे केली.

पहारेकऱ्यांना झिडकारून हॅलम धावला, त्याने बत्ती हिसकावली आणि तटाखाली भिरकावून दिली. "दगा! दगा!" अशी आरोळी उठली आणि पहारेकऱ्याची गोळी त्याच्या पाठीत शिरली.

"नळी... बुडाशी... हात लावून पाहा," एवढेच तो बोलला.

इमामबक्षाने हात फिरवला. बोटाचे नख चिरेत रुतले. तो मटकन खाली बसला आणि त्याने साहेबांचे मस्तक मांडीवर घेतले. पण प्राण गेले होते.

चौथ्या दिवशी गड पडला. बुरुजाच्या पायथ्याशी ताजी कबर पाहून इंग्रज सेनापतीने विचारले, "त्या फितुराची कबर ही?"

बेड्या घातलेले रायाजीराव ताठ उभे राहिले.

"अदबीने बोलावे, साहेब. हे आमच्या तोफखान्याचे सरदार आहेत."