एका हाकेला ओ नाही

मला एकटीने रडायचं होतं. त्यासाठी आम्ही जंगलात निघालो होतो!

हसू नका. दिंडोशीच्या आमच्या एका खोलीत सात माणसं. आये, म्हणजे आमची आई, गेल्यापासून माझ्या डोळ्यांत पाणी आलं रे आलं, की कुणीतरी चहा घेऊन हजर. तिची आठवण काढायलाही कोपरा नाही! म्हणून कान्हेरी लेण्यांमागचा उंच कातळ गाठायचं ठरवलं. माझा थोरला भाऊ निलेशदादा सोबत आलाच. म्हणाला, "बिबट्याने खाल्लं तुला, तर बाबांना काय तोंड दाखवू?"

चढ जीव काढणारा होता. कारवीच्या गचपणातून वाट शोधत, शेवाळलेल्या दगडांवर घसरत, गुडघे फोडून घेत आम्ही कातळाच्या पायथ्याशी पोचलो.

"तू इथेच थांब हां. वर मी एकटीच जाणार."

"डोकं फिरलंय तुझं," म्हणाला, पण थांबला.

वर कुणीच नव्हतं. नुसता वारा. मी बसले, आयेला आठवलं. तिचे खरखरीत हात, तिची पेज, तिचं ओरडणं. पण डोळे कोरडेठाक! एवढी जागा मिळाली आणि रडूच येईना.

तेवढ्यात ढग उतरले. काही दिसेना. मी भलत्याच बाजूने उतरू लागले. पाय सटकला! घसरले! कशीबशी एका झुडपाला लटकले. खाली खोल घळ. जवळच चितळ ओरडलं, म्हणजे बिबट्या आसपास. वाट लागली!

"दादाऽऽ!"

उत्तर नाही.

गेला की काय मला सोडून? इतकी एकटी मी जन्मात नव्हते. घरातला टीव्ही, भांड्यांची आदळआपट, तो नकोसा चहा, सगळं सगळं हवंसं वाटलं. झुडपाची मुळं सुटायला लागली.

"दादाऽऽ! अरे दादाऽऽ!"

"आलो गं! हलू नको!"

पोटावर आडवं पडून त्याने माझं मनगट पकडलं, ओढलं. मी वर!

"पहिलीच हाक ऐकलीस ना? मग बोलला का नाहीस?" मी त्याला धपाटा घातला.

"आये सांगायची ना, 'रानात एका हाकेक ओ देव नको. तीनदा हाक मारता तोच माणूस.' एका हाकेला ओ द्यायची नाही, भूत एकदाच बोलावतं म्हणून." तो अंगावरचा चिखल झटकू लागला. "तुझी हाक हुबेहूब तिच्यासारखी आली यार. तीही मला दादाच म्हणायची. मला वाटलं, तीच आहे. पुन्हा एकदा बोलावू दे तिला, म्हणून उभा राहिलो."

मला रडू फुटलं. त्यालाही. चिखलात बसून आम्ही दोघं आयेसाठी पोटभर रडलो, आणि हात धरून घरच्या वाटेला लागलो.