मुकी फेरी

“माझा जरा घट्ट आवळ गं. गेल्या वर्षी अर्ध्या शर्यतीत खाली घसरला, आणि गार्गीचं काळीज माझ्या पोटात धडधडायला लागलं.”

टायरवाले शौकतभाई दोन्ही हात वर करून उभे होते. सानिकाने त्यांच्या छातीवरचा पट्टा ओढून बसवला.

“पोटात काळीज नव्हतं, दोन प्लेट पोहे होते,” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळं वर्कशॉप हसलं.

मोसमातली पहिली शर्यत म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुसरा दसराच. बाजीराव लोहारांचं वर्कशॉप एरवी रविवारी बंद असे, पण आज सातलाच शटर वर गेलं होतं. लेथ धुऊनपुसून तिला झेंडूची माळ घातली होती. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा, खाली सतरंज्या, आणि सतरंज्यांवर चौतीस माणसं. साडेनऊला शर्यत सुरू होणार होती. ऑस्ट्रेलियात तेव्हा दुपार असते.

पट्ट्याचं कंपनीने दिलेलं नाव होतं ‘सहस्पंद’. उद्यमनगरात त्याला सगळे काळीजपट्टा म्हणत. तीन वर्षांपूर्वी तो आला आणि शर्यत बघण्याची रीतच बदलली. चालकाच्या हृदयाचा प्रत्येक ठोका टिपला जायचा आणि पट्ट्यातल्या बारीक गाद्या तोच ठोका बघणाऱ्याच्या छातीवर द्यायच्या. दोन्हींत निमिषाचाही फरक नसायचा. आपण सतरंजीवर मांडी घालून बसलेले असायचो आणि छातीवर मात्र तीनशेच्या वेगाने वळण घेणाऱ्या माणसाचा जीव हलत असायचा.

यंदा त्यात एक नवी गोष्ट आली होती. आतापर्यंत चालकाच्या छातीला तारा चिकटवाव्या लागत. आता सीटच्या पाठीतच एक संवेदक होता. हृदय धडधडताना अगदी क्षीण असं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते तो पोशाखाच्या चार थरांतून ओळखायचा. त्याला म्हणत चुंबकी कान.

हे पट्टे जुळवण्याचं काम सानिकाचं. ती बाजीरावांची सून, शिक्षणाने इंजिनीअर. सात महिन्यांची ऊर्वी एका खांद्यावर झोपलेली, आणि दुसऱ्या हाताने ती एकेक पट्टा तपासत होती. सासऱ्यांना ती मामा म्हणे.

“मामा, तुमचा झाला. आवाज किती ठेवू?”

“पूर्ण. एक कण कमी करू नको.”

बाजीरावांचा कान ही या गल्लीची शान होती. बंद बॉनेटवर तळहात ठेवून इंजिनातली कुठली झडप सैल आहे ते सांगणारा माणूस. एकोणीस वर्षांपूर्वी जुन्या स्कूटरच्या इंजिनाची एक बुटकी गाडी करून त्यांनी तीन गल्ल्या पलीकडच्या नऊ वर्षांच्या गार्गी मगदूमला तिच्यात बसवलं होतं. आणि बसवल्यावर पहिली गोष्ट सांगितली होती, “डोळे मिट. आधी ऐक. मग चालव.”

तीच गार्गी आज जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटार-शर्यतींच्या मालिकेत दुसऱ्या रांगेतून सुटणार होती.

आणि त्याच शिकवणीतून आली होती मुकी फेरी. जगभर पहिल्या फेरीला लोक ओरडून घसे बसवतात. उद्यमनगरात पहिल्या फेरीला पडदा बंद, तोंड बंद, डोळे बंद. फक्त पट्टा. बाजीराव वळणागणिक एकेक बोट वर करत, आणि नंतर चित्रीकरण लावून पाहिलं तर एकही बोट चुकलेलं नसे.

या ऐकण्याचा फायदाही झाला होता. पट्ट्यात दोष वाटला तर प्रेक्षक ‘दोष-नोंद’ पाठवू शकत. हजार नोंदी झाल्या की मालिकेची तपासखोली तो ठोका उलगडून सगळ्या जगासमोर पडद्यावर दाखवत असे. ज्या प्रेक्षक-मंडळाच्या नोंदी कायम खऱ्या ठरल्या, त्या मंडळाची मात्र एकच नोंद पुरे. उद्यमनगर मंडळाने गेल्या मोसमात दोन दोष सर्वांत आधी पकडले होते. त्या दिवशी पडद्यावर आलेल्या ‘उद्यमनगर, कोल्हापूर’ या अक्षरांचा फोटो लेथच्या वर फ्रेम करून लावलेला होता.

“इंदूकाकू, यंदा तरी लावा की पट्टा,” शौकतभाई म्हणाले.

दाराजवळच्या खुर्चीवर गार्गीची आई बसली होती. दर शर्यतीला यायच्या, पडद्याकडे पाठ करून बसायच्या आणि विणत राहायच्या.

“नगं बाबा. पोरीचं काळीज एवढं पळताना माझ्याच्यानं ऐकवत न्हाई. जिंकली की सांगा, मी साखर वाटीन.”

साडेनऊला दोन मिनिटं असताना बाजीरावांनी हात वर केला. पडदा काळा झाला. चौतीस जणांनी डोळे मिटले.

सुरुवातीचा ठोका जड आणि सावकाश होता. मग शर्यत सुटण्याचे लाल दिवे विझले असावेत, कारण छातीवर एकदम घणच पडू लागला. गार्गी सुटली होती. पहिलं वळण. ठोका आवळला. बाजीरावांचं बोट वर गेलं. दुसरं. सरळ रस्ता आला, ठोका किंचित मोकळा झाला.

आणि त्या मोकळ्या जागेत सानिकाला आणखी काहीतरी लागलं.

अगदी बारीक. कुणी नखाने हलकंच टकटक करावं तसं. ऊर्वीचा असेल, तिला वाटलं. खांद्यावरचं लेकरू पट्ट्याला टेकलंय. तिने पावलं न वाजवता दारापर्यंत जाऊन ऊर्वीला इंदूकाकूंच्या मांडीवर ठेवलं.

टकटक सुरूच राहिली.

तिसऱ्या वळणाला गार्गीचा ठोका पुन्हा उसळला, बारीक ठोका होता तिथेच राहिला. वळण संपून गार्गीचा उतरला, तरी बारीक ठोका तसाच. त्याला ना वळणाचं काही होतं, ना वेगाचं. त्याचं त्याचं काम चाललं होतं.

 हे सानिकाने एकदा ऐकलं होतं. सोनोग्राफीला उशीर झाला म्हणून ती तीन जिने धावत चढली होती, टेबलावर आडवी झाली तेव्हा स्वतःचं हृदय कानात वाजत होतं. आणि यंत्रातून मात्र ऊर्वीचा ठोका आला होता, आईच्या धापेशी काहीही देणंघेणं नसलेला, ठाम.

तिने डोळे उघडले. बाजीरावांचं बोट पाचव्या वळणाला वर गेलं, सहाव्याला गेलंच नाही. त्यांच्या कपाळावर आठी होती.

फेरी संपली. पडदा लागला. गार्गी तिसरी! सगळे ओरडले, शिट्ट्या झाल्या, पण बाजीराव उठून सरळ पट्ट्यांना जोडलेल्या टॅबपाशी गेले.

“ऐकलंस शौकत?”

“दुसरं काहीतरी वाजतंय मिस्त्री. मला वाटलं माझाच पट्टा.”

“सगळ्यांना वाजतंय. सीटमागं कायतरी फिरतंय. पंप असंल न्हाईतर पंखा. तिच्या वेगाशी त्याचा संबंधच न्हाई, म्हंजे गाडीचाच भाग सुटा झालाय.” त्यांनी मुक्या फेरीची नोंद उघडली. “पहिल्याच शर्यतीत आपण पकडलं. सानिका, पाठव हे.”

“थांबा मामा. मी आधी पट्टे तपासते.”

“चौतीस पट्टे एकाच वेळी बिघडतात व्हय? पोरीच्या गाडीत दोष आहे आणि आपण तपासत बसायचं?”

त्यांचं बरोबर होतं, तरी सानिकाने बटण न दाबता टॅब स्वतःकडे ओढला. टॅबच्या कोपऱ्यात जगभरातला आकडा दिसत होता. दुहेरी ठोका, दोष-नोंदी ६१२. ज्या इंजिनीअरांनी तो कान बनवला, त्यांनी इंजिनाची थरथर वगळली होती, वाऱ्याचा घोंगाट वगळला होता. चालकाच्या सीटवर दोन हृदयं असू शकतील हे त्यांच्यापैकी एकाच्याही मनात आलं नसावं.

तेवढ्यात पडद्यावर लाल बावटा आला. तिसऱ्या फेरीत मागच्या दोन गाड्या भिंतीला घासल्या होत्या, चालक सुखरूप होते, पण मार्ग साफ होईपर्यंत शर्यत थांबली. आणि बाजीरावांचा फोन वाजला.

हाही रिवाज होता. शर्यत थांबली की गार्गी बाजीरावकाकांना फोन करायची, आणि फोन नेहमी सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने लावला जायचा.

“काका, काय ऐकू आलं?”

“पोरी, तुझ्या सीटमागं...”

सानिकाने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. अक्षरशः हिसकावला. चौतीस माणसं बघत राहिली. सुनेने असं वागावं अशी ही गल्ली नव्हती.

“गार्गी, मी सानिका. एक मिनिट,” म्हणत ती आवाज लहान करून मागच्या अंगणात गेली.

“किती आठवडे?”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“अकरा. तुला कुणी सांगितलं?”

“तूच सांगतेयस गं, पहिल्या फेरीपासून. तुझ्या सीटचा कान फार तिखट आहे. दोन ठोके येतायत.”

“सगळ्यांना?”

“येतायत सगळ्यांना, कळत कुणाला नाहीये. मामांना वाटतंय पंप सुटा झालाय.”

गार्गी हसली की रडली ते सानिकाला कळलं नाही.

“आणि तू तशीच गाडीत बसलीस?” विचारायचं नव्हतं, पण सानिकाच्या तोंडून निघूनच गेलं.

“डॉक्टर इथंच आहेत, माझ्याबरोबर. ही एक शर्यत, मग बंद, असं ठरलंय. नीट विचार करून ठरवलंय सानिका. पण आधी सांगितलं असतं तर मला या सीटवर बसूच दिलं नसतं, आणि पुढच्या वर्षी माझी जागा राखायला या मोसमातली एक तरी शर्यत नावावर लागते. शनिवारी मी घरी येणार आहे. आईच्या समोर बसून सांगणार आहे. तिला पडद्यावरून कळायला नको गं. दुसरं काहीही होऊ दे.”

“नाही कळणार.”

“कसं काय?”

“ते माझ्यावर सोड. तू कशी चालवणार आता?”

“नेहमीसारखी.” आवाज एकदम ओळखीचा झाला. “आधी ऐकणार. मग चालवणार.”

सानिका आत आली तेव्हा बाजीराव टॅबसमोर उभे होते आणि त्यांचं बोट बटणापासून टिचभर अंतरावर होतं. जगभरातला आकडा ८८० झाला होता.

“काय म्हणाली?”

चौतीस माणसांसमोर, दाराशी बसलेल्या इंदूकाकूंसमोर काय सांगणार? सानिका दारापर्यंत गेली. काकूंच्या मांडीवरून झोपलेल्या ऊर्वीला उचललं आणि सासऱ्यांच्या हातात दिलं.

“मामा, हिला जरा घ्या. असं नाही, छातीशी. पाठीवर हात ठेवा.”

“आता? अगं, ही काय वेळ...”

“ऐका ना जरा.”

बाजीराव वैतागले, पण लेकराला जवळ घेतलं. त्यांचा काळपट, तेलाने कायमचा माखलेला तळहात त्या इवल्या पाठीवर पडला. बंद बॉनेटवर पडायचा तसाच. सवयीने त्यांचे डोळे मिटले गेले.

हाताखाली एक बारीक ठोका. आजोबाच्या छातीत काय वादळ चाललंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याचं त्याचं काम चाललं होतं.

बाजीरावांचे डोळे उघडले ते थेट सानिकाकडे. तिने मान हलवली, अगदी जराशी.

म्हातारा टॅबकडे वळला. मग टॅब पालथा घातला आणि घसा खाकरून म्हणाला, “दोष गाडीत न्हाई. पट्टे आमचेच बिघडलेत.”

 या माणसाने कुणासमोर ‘आमचं चुकलं’ म्हटलेलं तीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

“चौतीसच्या चौतीस?” शौकतभाईंनी विचारलं.

“चौतीसच्या चौतीस. सुनेनं सकाळी चुकीचे जुळवले.”

“चुकलंच माझं,” सानिका म्हणाली.

शौकतभाईंनी एकदा बाजीरावांच्या छातीशी असलेल्या ऊर्वीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पट्ट्याकडे. त्यांना चार मुली होत्या. ते हळूच खाली बसले आणि पट्टा पोटापर्यंत ओढला.

“माझा तर परत घसरलाय,” ते म्हणाले. “मला पोहेच ऐकू येतायत.”

हसू फुटलं, पुन्हा गलका झाला. शर्यत सुरू व्हायची वेळ आली होती. तेवढ्यात दाराशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“बाजीभावजी, तो बिघडलेला पट्टा बघू जरा.”

इंदूकाकूंनी विणकाम खाली ठेवलं होतं.

“काकू, तुम्हाला सोसत नाही ना?” सानिका घाईने म्हणाली.

“बघू म्हटलं.”

नाही म्हणणार कोण? बाजीरावांनी ऊर्वीला सानिकाकडे दिलं आणि स्वतःचा पट्टा सोडून काकूंना दिला. काकूंनी तो पदराखालून नीट बांधला आणि डोळे मिटले. पडद्यावर दिवे विझले, गाड्या सुटल्या, गार्गीने पहिल्याच वळणावर एकीला मागे टाकलं आणि वर्कशॉप दणाणून गेलं. काकूंच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. त्यांची मुकी फेरी चालली होती, आयुष्यातली पहिली.

फेरी संपली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. पापण्या ओल्या होत्या.

“कधी सांगणार हाय ती मला?” फक्त सानिकाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं.

“शनिवारी.”

“मग शनिवारपर्यंत मला काय बी ठाऊक न्हाई. ती सांगंल तेव्हा मला नव्यानं कळंल.” त्यांनी पट्टा काढला नाही. उलट आणखी घट्ट आवळला. “शौकत, ह्याचा आवाज वाढवायचा कुठनं?”

सानिकाने पालथा टॅब उलटला. आकडा ९७२ वर पोचला होता.  हजाराला अठ्ठावीस कमी. ९७५. ९७६.

मग आकडा थांबला. आणि खाली यायला लागला. ९७४. ९५८. ९११. कुणीतरी, कुठेतरी, पाठवलेल्या नोंदी मागे घेत होतं. एकामागून एक, वेगवेगळ्या देशांतून, कुणीही कुणाला न सांगता.

ऊर्वी जागी झाली आणि तिने आईच्या पट्ट्याच्या गादीवर हात ठेवला. जगभरात तीस लाख छातींवर त्या क्षणी तो बारीक ठोका पडत होता. त्यांतल्या किती जणांना तो ओळखू आला होता? आणि एवढ्या सगळ्यांनी मिळून एक गुपित शनिवारपर्यंत सांभाळायचं ठरवलं, तर ते सांभाळलं जाईल का?

७०३. ६४०.

“चौथं वळण,” बाजीराव पट्ट्याशिवायच, डोळे मिटून म्हणाले, आणि बोट वर केलं.