नाव घ्यायचं राहिलं

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मी कुणाच्या पाया पडणार नाही. ज्याच्यावर बेतली तो भिवाजीकाका साखरा गावात आमच्या घराला घर लागून राहतो. त्यानंच सांगितली. सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. शिमगा होऊन ऊन तापायला लागलं होतं.

माणिकराव एका ठेकेदाराची जीप चालवायचा. सुट्टीच्या दिवशी जीप घेऊन दोस्तांनी पैनगंगेकाठचं राखीव जंगल हिंडायचं, हा दरसालचा बेत. दरसाल चौघं जायचे.

त्या साली तिघंच.

माणिकराव, ग्यानोबा आणि भिवाजी. चौथा किसन दिवाळीच्या आधी तापानं गेला होता.

निघताना भिवाजीची पोरगी रुक्मी त्याच्या गळ्यात पडून रडली. चार वर्षांचं लेकरू. बापाच्या ताटात बसल्याशिवाय तिला घास उतरत नसे. भिवाजीचाही तिच्यावर भारी जीव.

जंगल मोठं आडदांड. नुसत्या दऱ्या, कपारी, कोरडे ओढे. सकाळभर तिघं हिंडले. बिबट्याचा माग पाहिला. मग मोहाच्या झाडाखाली बसून ठेचा-भाकरी खाल्ली.

भर दुपारी घुमणारे होले एकदम गप झाले…

वारा नव्हता. तरी खाली दरीत सागाची वाळकी पानं वाजली.

"डुक्कर असंल," ग्यानोबा म्हणाला.

डुक्कर असं थांबत थांबत चालत नाही. तिघंही उठलेच.

आमच्याकडं एक रीत आहे. रानातून निघताना एकेकाचं नाव घेऊन 'चल घरी' म्हणायचं. ज्याचं नाव, त्यानं 'आलो' म्हणायचं. नाहीतर माणूस घरी येतो आणि जीव तिथंच घुटमळतो. आधी वडीलधाऱ्याचं नाव दुसऱ्यानं घ्यायचं, मग त्यानं बाकीच्यांचं.

"माणिकराव, चला घरी," ग्यानोबा म्हणाला.

"आलो." माणिकरावानं जीप चालू केली. "ग्यानोबा, चल घरी."

"आलो."

"किसन, चल घरी."

निघून गेलं तोंडातून! इतक्या सालांची सवय…



आणि जीपचे मागचे स्प्रिंगचे पाटे करकरले… कुणीतरी चढून बसल्यासारखे.

भिवाजी मागंच बसला होता. त्यानं उगाच चेष्टा केली, "काय राव, मेलेल्यालाबी घेऊन चालले का?"

  माणिकरावानं घाबरून जीप जी सोडली ती थेट कनेरगाव नाक्यावर थांबवली.

भिवाजीचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

नाक्यावर चहा घेतला. एकाएकी ग्यानोबा ओरडला, "अरे भिवा, ग्लास सोड! हात भाजून राहिला ना!"

बोटं लालभडक झाली होती. भिवाजी त्यांच्याकडं बघत राहिला. त्याला काहीच लागत नव्हतं.

घरी आल्यावर जीपचा आवाज ऐकून रुक्मी धावत आली. भिवाजीपाशी येऊन थांबली. त्याच्या मागं पाहिलं. जीपमध्ये पाहिलं.

"आये, बाबा कुठं हायेत?"

"अगं येडे, हे काय, समोर उभे हायेत की," त्याची बायको सोजराबाई म्हणाली.

"हे न्हाईत."

बापाचं काळीज फाटायला पाहिजे होतं. भिवाजीला काहीच वाटलं नाही. हातपाय धुतले, जेवायला बसला. भाकरीला चव नव्हती. पोरगी ताटाजवळ फिरकली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. पाण्याशिवाय पोटात काही जाईना. भिवाजी उशाशी बसायचा, पण आतून काही हलतच नव्हतं. पोरगी मेली तरी आपल्याला रडू येणार नाही, हे त्याला कळत होतं. तेवढंच कळत होतं.

सोजराबाईनं माणिकरावाला बोलावून घेतलं. "भावजी, खरं सांगा. निघताना ह्यांचं नाव घेतलं व्हतं का?"

"न्हाई वैनी, राहूनच गेलं," माणिकराव म्हणाला.

रुक्मीला शेजाऱ्यांकडं ठेवून माणिकराव, सोजराबाई आणि भिवाजी जीपनं त्याच मोहाखाली गेले. पुन्हा तशीच भर दुपार. माणिकरावानं भिवाजीच्या नावानं हाका मारून घसा कोरडा केला. उत्तर नाही.

मग सोजराबाई पुढं झाली.

"अवं… चला घरी."

"आलो…" दरीतून.

"आलो…" कपारीतून.

"आलो…" पाठीमागून.

आवाज वेगवेगळे. एकही ओळखीचा नाही.

"वैनी, नाव घ्या!" माणिकराव किंचाळला. "बिननावाचं बोलावलं तर कोणीबी येईल!"

नवऱ्याचं नाव बाईमाणसानं कसं घ्यायचं? लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच.  सोजराबाईनं डोळे मिटले.

"भिवाजी! चला घरी! रुक्मी जेवून न्हाई राहिली!"

सगळं शांत झालं.

मग खालून पानं वाजू लागली…

"आलो गं… आलो…"

भिवाजी तिच्या शेजारीच उभा होता. तो आवाज त्याचा स्वतःचा होता.

पानं जवळ आली. अगदी हाताच्या अंतरावर. थांबली.

दिसत काहीच नव्हतं.

"सोजरे," आवाज म्हणाला, "तुझ्याजवळ कोण उभा हाय?"

सोजराबाईनं मान वळवून भिवाजीकडं पाहिलं. त्याला म्हणायचं होतं, मी. मीच की. त्यानं तोंड उघडलं.

शब्द आला नाही.

पानं पुन्हा वाजली. आता लांब जात… लांब जात… मग बंद. सोजराबाई नाव घेत ओरडत राहिली. कुणी ओ दिली नाही. माणिकरावानं तिला ओढून जीपमध्ये बसवलं.

रुक्मी वाचली, पण तिनं पुन्हा कुणाला बाबा म्हटलं नाही.

मी एकदा काकाला विचारलं, "तुमाला भ्या न्हाई वाटलं?"

"न्हाई बाप्पा," तो म्हणाला. "तवापासून काहीच वाटत न्हाई."

सोजराबाईनं त्याला टाकलं नाही. दोन्ही वेळचं ताट वाढते. पण डोक्यावर पदर घेऊन, लांबूनच सरकवते. भिंतीपलीकडून मला रोज तिचा आवाज येतो.

"जेवून घ्या, किसनभावजी."

आणि तो म्हणतो, "व्हय, वैनी."

माझा घास हातातच राहतो.