शनिवारचा दुभाषी

"जरा सरकता का? मुलांना मी दिसत नाहीये."

सभागृहातल्या त्या उंच माणसाला मी हे थेट कोर्टातल्या आवाजात सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "सरकतो. पण मग तुम्ही त्यांना नुसत्याच दिसाल."

माझी कानशिलं तापली. शाळा कर्णबधिर मुलांची होती आणि हा त्यांचा दुभाषी होता. माझं बोलणं हातांच्या खुणांनी त्यांच्यापर्यंत पोचवणारा. नेहमीच्या बाई आजारी पडल्या म्हणून ऐनवेळी आलेला.

मी वकील. दर शनिवारी शाळेत जाऊन मुलांना कायदा समजावायचा, हा उपक्रम माझाच. एकदा बोलायला लागले की मी थांबत नाही. दहा मिनिटांतच तो म्हणाला, "वकीलबाई, जरा दमानं. हात दोनच आहेत."

मुलं खळखळून हसली, कारण हेही त्यानं खुणांनी सांगून टाकलं होतं.

शेवटी दहावीतली एक मुलगी उठली. तिचे हात भराभर हलले आणि त्याच्या आवाजात तिचा प्रश्न आला, "मला कुणी त्रास दिला आणि मी पोलीस चौकीत गेले, तर तिथं माझं बोलणं कुणाला कळणार?"

कलम माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तिला कलम नको होतं.

"तिथं काय करायचं ते पुढच्या शनिवारपासून करून दाखवते," मी म्हणाले.

जिन्यात मी त्याला गाठलं. "तुम्हीच याल? नेहमीच्या बाई बऱ्या झाल्या तरी?"

"ही विनंती आहे की समन्स?"

"आलात तर विनंती."

तो आला. एका रिकाम्या वर्गात आम्ही खोटी चौकी मांडली. मी अंमलदार, ती मुलगी तक्रारदार. आधी दुभाषी मागायचा, लिहिलेलं स्वतः वाचायचं, मगच सही. मी मुद्दाम आडमुठेपणा करायची, "दुभाषी-बिभाषी मिळणार नाही. कर सही." सुरुवातीला ती मान खाली घालायची. तिसऱ्या शनिवारी तिनं कागद माझ्याकडे परत ढकलला आणि हाताची घडी घालून बसली.

"ती काहीच बोलत नाहीये," तो म्हणाला. "पण अर्थ कळला ना?"

बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. त्या वर्गात तो ऐकणारे आम्ही दोघंच... आमची नजर एकाच वेळी खिडकीकडे गेली, मग एकमेकांकडे. मी उगाचच वही उघडली.

"शनिवारच्या कपड्यांना हल्ली शुक्रवारीच इस्त्री होते," आई म्हणाली. वकिलाला गप्प कधी बसायचं तेही कळावं लागतं.

मग हीच खोटी चौकी पालकांसमोर करून दाखवायचं ठरलं आणि त्या कार्यक्रमाला सभागृह भरलं. मुलगी एकदाही अडखळली नाही. तिची आई पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. मुख्याध्यापिकांनी लगेच आणखी दोन शाळांची नावं सुचवली.

सगळे गेल्यावर आम्ही खुर्च्या आवरत होतो.

"पुढच्या शाळांना मी येणार नाही," तो म्हणाला.

माझ्या हातातली खुर्ची तशीच राहिली. "का?"

"दुभाष्याला बाजू नसते. जे बोललं गेलं, तेवढंच पोचवायचं. आज तुम्ही अंमलदार म्हणून ओरडलात आणि मी ते... गोड करून टाकलं. ती पोरगी मला नंतर विचारते, दादा, अंमलदार इतकं लाडानं बोलतो?"

मला हसू आवरेना. त्याला मात्र हसू येत नव्हतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "हितसंबंध आला की माणसानं स्वतःहून बाजूला व्हावं. दुसरा दुभाषी मी शोधते."

त्याचा चेहरा उतरला.

"आता तो हितसंबंध काय आहे ते सांगा. अर्धवट जबाब मी नोंदवत नाही."

तो गडबडला. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणारा माणूस — स्वतःच्या चार शब्दांसाठी केवढा वेळ घेत होता. मी थांबले. चक्क थांबले.

"तुम्ही मला आवडता," तो अखेर म्हणाला. "हे कुणाचं भाषांतर नाही."

मी खुर्ची खाली ठेवली आणि त्याचा हात हातात घेतला.

"मान्य," मी म्हणाले.